ताटातले औषध : मुलांच्या एका जुनाट पोटविकाराची हकिगत

"पोरगं खातं, पण खाल्लेलं अंगी लागत नाही." ही तक्रार आपल्याकडे किती घरांतून ऐकू येते! पोट नगाऱ्यासारखे पुढे आलेले, हातपाय काड्यांसारखे. शौचाला दिवसातून चार-चार वेळा जायचे, आणि तेही फिकट, तेलकट, दुर्गंधीचे. वर्गातल्या मुलांच्या रांगेत उभे केले, तर हे पोर वीतभर खुजे. आई म्हणते, दृष्ट लागली. आजी म्हणते, जंत झाले. गुरुजी म्हणतात, आळशी आहे, वर्गात पेंगतं. आणि ते पोर स्वतः काहीच म्हणत नाही. कारण त्याला विचारतो कोण?

वाचकहो, या तक्रारीमागे पुष्कळ कारणे असू शकतात. जंत असतील, पोटभर अन्न मिळत नसेल, पाणी दूषित असेल, आतड्याचा क्षय असेल. पण त्यांतले एक कारण असे आहे, की ते नेमके हाती लागायला मोठमोठ्या वैद्यांना शतकानुशतके लागली. आणि लागले तेव्हा ते निघाले रोजच्या ताटात! त्या शोधाची हकिगत आज सांगायची आहे. ती जासईसारख्या गावात सांगण्याचे कारण असे, की या हकिगतीत डॉक्टरांच्या बरोबरीने आईबापांचा वाटा आहे, आणि तो वाटा अजून संपलेला नाही.

प्रथम जुने काय म्हणत होते ते पाहू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात 'ग्रहणी'वर एक स्वतंत्र अध्याय आहे. ग्रहणी म्हणजे अन्न पचेपर्यंत धरून ठेवणारा भाग. तो बिघडला, की अन्न कधी कच्चे, कधी पातळ असे खाली उतरते, आणि माणूस वाळत जातो. आपल्या खेड्यांत 'संग्रहणी' हा शब्द अजून आहे, आणि त्यावर ताक देण्याची चालही आहे. तिकडे पश्चिमेला कॅपाडोशिया प्रांतातला ॲरिटियस नावाचा वैद्य, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास, अशाच रोग्यांचे वर्णन करून गेला. ग्रीक भाषेत पोटाला 'कोइलिया' म्हणतात. त्यावरून त्या रोग्यांना जे नाव पडले, तेच पुढे 'सीलिॲक' झाले. या जुन्या नावांच्या पोटात एक नव्हे, अनेक रोग एकत्र बसले होते. पण एवढे मात्र दोन्हीकडच्या वैद्यांनी ओळखले होते, की खाणे आणि खाल्लेले अंगी लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मुलांमधला रोग वेगळा काढून दाखवला तो लंडनच्या डॉ. सॅम्युएल गी यांनी. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयात १८८७ साली त्यांनी या विषयावर व्याख्यान दिले, आणि दुसऱ्या वर्षी ते छापून आले. हा रोग कोणत्याही वयात होतो, पण एक ते पाच वर्षांच्या मुलांना विशेष गाठतो, असे त्यांनी सांगितले. औषधांवर त्यांचा भरवसा नव्हता. रोगी बरा व्हायचाच असेल तर तो पथ्यानेच होईल, आणि पिठूळ पदार्थ कमी केले पाहिजेत, असे त्यांचे मत पडले. त्यांच्या नोंदीत एक मौजेची गोष्ट आहे. एका मुलाला रोज भरपूर शिंपले खायला दिले, आपल्याकडे शिनाणे मिळतात त्या जातीचे, आणि ते पोर चांगलेच बाळसे धरू लागले. हंगाम संपला, शिंपले बंद झाले आणि मूल पुन्हा खालावले. पुढच्या हंगामात मात्र त्याने शिंपल्यांना तोंड लावायचे नाकारले! उरण-करंजाच्या किनाऱ्यावरच्या वाचकांना हे वाचून हसू येईल. पण गी यांच्या हाती खरी किल्ली आली होती आणि निसटली होती. मूल शिंपल्यांनी सुधारले, की शिंपल्यांनी पोट भरल्यामुळे ज्या कशाला जागा उरली नाही त्याने सुधारले, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

तीच चूक पुढे केळ्यांच्या बाबतीत झाली. न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी १९२४ साली केळ्यांचा आहार सांगितला. पाव, बिस्किटे, बटाटे, धान्य सगळे बंद, आणि भरपूर केळी. मुले सुधारली. मरणाच्या दारातून परत आलेली मुले पाहून आईबापांनी केळ्यांना देवाचे फळ मानले असेल तर नवल नाही. हास यांनीही सगळे श्रेय केळ्यांना दिले. पण केळी ताटात आली तेव्हा पाव ताटातून गेला होता, आणि खरा गुण त्या जाण्यात होता. आपणही पुष्कळदा असेच करतो. मुलाला नवीन काय दिले हे सांगतो. काय बंद झाले ते सांगायचे राहून जाते.

आता हॉलंडकडे वळू. तो देश म्हणजे समुद्र मागे सारून, बांध घालून मिळवलेल्या जमिनीचा. आपल्या खारबंदिस्तीच्या गावांना हे नवीन नाही. तिथे हेग शहरात जुलियाना नावाचे मुलांचे रुग्णालय होते. १९३६ साली त्याचे प्रमुख झाले डॉ. विलेम डिके. वय अवघे एकतीस. त्यांच्याकडे अशी खंगलेली मुले येत, आणि त्या काळी त्यांतली बरीच दगावत. त्याच सुमारास एका तरुण आईने त्यांना सांगितले, की माझ्या मुलाला पाव बंद केला की त्याची प्रकृती लवकर सुधारते.

बाईमाणसाचे असे बोलणे एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून देणारे पुष्कळ असतात. डिके यांनी ते सोडले नाही. आपल्या रुग्णालयातल्या मुलांचा गहू बंद करून ते पाहू लागले. मुलाचे वजन, उंची, शौच यांची नोंद ठेवू लागले. घाई केली नाही. महिनोन् महिने, वर्षानुवर्षे एकेका मुलाचा तक्ता ते भरत राहिले.

मध्येच महायुद्ध आले. १९४४-४५ चा हिवाळा हॉलंडच्या पश्चिम भागाला फार कठीण गेला. जर्मन सैन्याने अन्नाची आवक अडवली होती. पाव मिळेना. लोकांनी ट्यूलिप फुलांचे कंद उकडून खाल्ले. सुमारे वीस हजार माणसे उपासमारीने गेली. अशा दिवसांत सगळी मुले वाळत असताना ही नेहमीची खंगलेली मुले मात्र तगून राहिली, नव्हे, काही सुधारली! पुढे विमानांतून आणि जहाजांतून मदत आली, पाव पुन्हा हाती आला, आणि साऱ्या देशाने आनंद केला. तेव्हा हीच मुले पुन्हा घसरली. त्या आईने एका घरात पाहिले होते, तेच युद्धाने साऱ्या प्रांतात दाखवले.

पण डिके एवढ्यावर थांबणारे नव्हते. दुष्काळातली गोष्ट पुरावा म्हणून पुरत नाही. युद्ध संपल्यावर उट्रेख्ट येथे डॉ. वेयर्स आणि रसायनशास्त्रज्ञ व्हॅन द कामर यांच्याबरोबर त्यांनी काम केले. शौचातून किती स्निग्धांश वाया जातो हे मोजण्याची रीत व्हॅन द कामर यांनी बसवली होती. मग एकाच मुलाला काही दिवस गहू द्यायचा, काही दिवस बंद करायचा, आणि मोजायचे. गहू दिला की स्निग्धांश वाया जायचा, वजन घटायचे. भात दिला, मका दिला, बटाटा दिला, तर काही बिघडत नव्हते. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध उट्रेख्ट विद्यापीठाला सादर केला. दोनच वर्षांनी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी आणखी पुढे जाऊन दाखवले, की गव्हातले पांढरे पिष्ट निरुपद्रवी आहे. अपाय करतो तो त्यातला चिकट भाग. त्याला ग्लुटेन म्हणतात.

शिक्षकांनी हे वर्गात करून दाखवण्यासारखे आहे. मूठभर कणीक घट्ट मळा, अर्धा तास ठेवा, आणि मग पातेल्यातल्या पाण्यात तो गोळा हळूहळू चोळून धुवा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. पाणी बदलत धूत राहा. शेवटी हातात रबरासारखा, ताणला तर ताणला जाणारा एक चिवट गोळा उरेल. तेच हे ग्लुटेन. त्याच्याच बळावर पोळी लाटली जाते आणि पाव फुगतो. आता तांदळाच्या पिठाचे असेच करून पाहा. हातात काही उरणार नाही. म्हणूनच आपल्या आयाबायांना तांदळाची भाकरी करायला उकड काढावी लागते!

बहुतेक माणसांना हा चिवट भाग बाधत नाही. ज्याला बाधतो, त्याच्या आतड्यात काय होते? आपले लहान आतडे आतून गुळगुळीत नसते. टर्किश टॉवेलवर जशा बारीक दोऱ्यांच्या गाठी उभ्या असतात, तसे बोटांसारखे बारीक उंचवटे त्यात दाटीने असतात. अन्नाचा रस शोषतात ते हेच. ग्लुटेन पोटात गेले, की या मुलांचे स्वतःचे शरीरच आतड्यावर उलटते आणि ते उंचवटे झडून सपाट होतात. टॉवेलचे धोतर झाले तर पाणी टिपणार कसे? १९५४ साली डॉ. पॉली यांनी शस्त्रक्रियेतून मिळालेल्या तुकड्यांत हा बिघाड पाहिला, आणि १९५६ साली लंडनच्या डॉ. मार्गो शायनर यांनी तोंडावाटे नळी घालून आतड्याचा तुकडा काढण्याची सोय केली. तेव्हापासून हा रोग डोळ्यांनी दिसू लागला. आणि समाधानाची गोष्ट ही, की गहू कायमचा बंद केला की ते उंचवटे पुन्हा उगवतात. गोळी नाही, सुई नाही. औषध म्हणजे ताट, आणि ते औषध देणारा हात घरातला.

आता तुम्ही म्हणाल, ही झाली सातासमुद्रापलीकडची गोष्ट. आपल्याकडे असे काही घडले काय? घडले, आणि ते आपल्या पुण्यात घडले. रोग आतड्याचा नव्हता, यकृताचा होता. पण हकिगत त्याच जातीची आहे.

मुलांच्या यकृताचा एक घातक विकार आपल्या देशात फार दिवसांपासून होता. कलकत्त्यात १८८७ सालीच, म्हणजे गी यांच्या व्याख्यानाच्या वर्षीच, त्याचे वर्णन झाले होते. वर्ष-दोन वर्षांचे मूल, पोट वाढते, यकृत दगडासारखे घट्ट होते, कावीळ होते आणि काही महिन्यांत मूल जाते. एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन मुले जात. लोक नशिबाला बोल लावत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित, व त्यांच्याबरोबर इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर, यांनी या मुलांच्या यकृतात तांबे साठलेले पाहून आयांना विचारायला सुरुवात केली: बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? कशात तापवले? कशात ठेवले? उत्तर घरोघर एकाच वळणाचे येऊ लागले. अंगावरचे दूध लवकर सोडवलेले, आणि गाईम्हशीचे दूध पितळेच्या, कल्हई नसलेल्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलेले. पितळेतले तांबे दुधात उतरत होते, आणि बाळाच्या यकृतात साठत होते. १९८३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

यावर उपाय काय? बाळाचे दूध पितळेच्या भांड्यात तापवू नका, एवढेच. हे गावोगाव सांगितले गेले. स्टीलची भांडीही घरोघर आली होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो रोग जवळजवळ दिसेनासा झाला. ज्यांचे दुखणे लवकर ओळखले गेले, त्यांतल्या काही मुलांना तांबे बाहेर काढणाऱ्या औषधाचाही गुण आला. विचार करा, ज्या रोगापुढे शंभर वर्षे सारे हात टेकत होते, तो एका पातेल्याच्या बदलाने हटला. पण ते पातेले डॉक्टरांच्या नजरेला दवाखान्यात कधीच पडले नसते. ते चुलीवर होते, आणि चुलीवरचे माहीत होते आईला.

आता पुन्हा गव्हाच्या दुखण्याकडे येऊ. आपल्या देशात हे दुखणे उत्तरेकडच्या डॉक्टरांनी १९६० नंतरच्या दशकात नोंदवायला सुरुवात केली. पुष्कळ वर्षे असेच समजत, की ते गोऱ्या लोकांचे दुखणे. २०१६ साली देशाच्या तीन भागांतल्या लोकांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रक्ताच्या तपासणीत या दुखण्याची खूण आढळण्याचे प्रमाण उत्तरेत हजारी सुमारे बारा, ईशान्येत सुमारे नऊ आणि दक्षिणेत हजारी सुमारे एक असे निघाले. अंगातली मूळ प्रवृत्ती तिन्हीकडे फारशी वेगळी नव्हती. वेगळे होते ते ताट. उत्तरेत गहू भरपूर, इतरत्र फारच थोडा.

यावर जासईच्या वाचकाने थोडे थांबून विचार करावा. उरण तालुक्यातली ही गावे मूळची भाताची आणि मासळीची. सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात आणि कालवण, सणाला उकडीचे मोदक, घावने. गहू घरात यायचा तो पाहुण्यासारखा. मग १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, पंच्याण्णव गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले, भाताची खाचरे आणि मिठागरे गेली. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. शेतातला तांदूळ गेला, दुकानातले पीठ आले. चहाबरोबर बिस्कीट, नाश्त्याला पाव, डब्यात पोळी, मधल्या सुट्टीत शेवयांसारखे मैद्याचे खाणे. गहू वाईट नव्हे. कोट्यवधी माणसे त्यावर जगतात. पण ज्या गावाच्या ताटात तो कधी नव्हता, तिथे तो मूल रांगायला लागल्यापासून रोज येऊ लागला, की जी प्रवृत्ती पिढ्यान् पिढ्या झोपलेली होती, ती एखाद्या घरात जागी होऊ शकते. आणि ज्या आजीने असे दुखणे कधी पाहिलेच नाही, तिला ते ओळखू कसे येणार?

दुसऱ्या बाजूने पाहिले, तर याच गावांसारखे भाग्यवान कोणी नाही. हॉलंडच्या आईला पाव सोडून काय द्यावे हा प्रश्न पडला होता. आपल्या आईला तो पडायला नको. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, डाळी, मासळी, अंडी, दूध, भाजी, फळे, सगळे चालते. पंजीने जे रांधले तेच पथ्य!

मात्र पथ्य सोपे दिसले तरी ते काटेकोर पाळावे लागते, आणि खाचखळगे घरातच असतात. गिरणीत गहू दळून झाल्यावर त्याच जात्यात तांदूळ दळला, तर गव्हाचे पीठ त्यात येते. म्हणून दळण घरी दळावे, किंवा गव्हाला हात न लागलेल्या गिरणीत न्यावे. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. वड्याच्या पिठात काही घरी गहू घालतात. रवा, मैदा, शेवया, सोजी ही सगळी गव्हाचीच रूपे. जव म्हणजे सातूही चालत नाही. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो. पोर प्रसाद नाकारते म्हणून कोणी रागावू नये, त्याच्या हातावर केळे किंवा साखर ठेवावी. देव काही रव्यावर अडून बसत नाही. आपल्या देशाच्या अन्ननियमांप्रमाणे 'ग्लुटेनमुक्त' म्हणवणाऱ्या मालात ग्लुटेन किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. यावरून 'थोडंसं खाल्लं तर काय होतंय' या बोलण्याचा अर्थ काय, ते समजून घ्यावे.

आणखी एक फार महत्त्वाची सूचना. हे वाचून कोणी उद्यापासून मुलाचा गहू परस्पर बंद करू नये. आधी तपासणी. रक्ताची एक तपासणी असते आणि नंतर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा घेऊन पाहतात. गहू आधीच बंद केला, तर तपासणीत काही दिसत नाही, आणि खरे-खोटे अडकून पडते. एका मुलाला हे दुखणे निघाले, तर भावंडांची आणि आईबापांचीही तपासणी करून घ्यावी. जवळच्या नात्यात साधारण दहात एकाला ते असू शकते.

आतड्याचे सगळेच जुनाट विकार मात्र पथ्याने हटत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघा डॉक्टरांनी आतड्याला सूज आणि जखमा होणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले. त्याला आज 'क्रोन्स' म्हणतात. त्याचाच एक भाऊबंद मोठ्या आतड्याला व्रण पाडतो. हे रोग मुलांनाही होतात. पोटात कळ, शौचातून रक्त, बारीक ताप, वाढ खुंटणे. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच दिसतो, म्हणून निदान अनुभवी डॉक्टरांनीच करावे. यांत औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. मध्येच बरे वाटते, मध्येच उसळते. बरे वाटले म्हणून औषध आपल्या मनाने सोडणे, हा यातला सर्वांत मोठा धोका.

अशा लांबणाऱ्या दुखण्यात घर एकटे पडते. दवाखान्यातले डॉक्टर वर्षातून चार वेळा भेटतात. उरलेले सारे दिवस आई, बाप आणि मूल. हे ओळखून परदेशांत आईबाप आणि रोगी एकत्र आले. अमेरिकेत १९६७ साली रोग्यांच्या घरच्यांनी डॉक्टरांना बरोबर घेऊन क्रोन्ससारख्या रोगांसाठी संस्था काढली. इंग्लंडमध्ये १९६८ साली सीलिॲक रोग्यांची संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत पीटर बेनेन्सन होते, तेच ज्यांनी १९६१ मध्ये राजबंद्यांच्या हक्कांसाठी ॲम्नेस्टी ही जगप्रसिद्ध संघटना सुरू केली. त्यांना स्वतःलाच हे दुखणे होते. १९७८ साली क्रोन्स झालेल्या मुलांच्या आईबापांनी तिथेच आणखी एक संस्था उभी केली. या संस्थांनी काय केले? कोणत्या खाण्यात काय आहे याच्या याद्या छापल्या, नव्या रोग्याच्या घराला जुन्याची गाठ घालून दिली, शाळांना समजावले, संशोधनाला पैसे जमवले. थोडक्यात, ज्याचे त्याला कळावे अशी व्यवस्था केली.

आपल्या गावात संस्था नसेल. पण आईबाप आहेत, शाळा आहे. तेवढ्यावर पुष्कळ होते. आईबापांनी एक साधी वही घालावी. महिन्याला वजन, तीन महिन्यांना उंची, काय खाल्ले तेव्हा काय झाले, कोणते औषध कधी सुरू झाले. डिके यांनी केले ते याहून फार वेगळे नव्हते. डॉक्टरांकडे जाताना ती वही न्यावी आणि विचारायचे प्रश्न आधी लिहून न्यावेत. डॉक्टरांपुढे गेल्यावर निम्मे प्रश्न विसरतात, हा सगळ्यांचा अनुभव आहे. प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

मुलाला त्याचे दुखणे त्याच्या भाषेत सांगावे. पाच वर्षांच्या मुलाला एवढे पुरते, की 'गहू तुझ्या पोटाशी भांडतो'. दहा वर्षांच्याला टॉवेलचे उदाहरण कळते. चौदा वर्षांच्याने पाकिटावरची बारीक अक्षरे स्वतः वाचावीत आणि डॉक्टरांशी स्वतः बोलावे. ज्या मुलाला नुसते 'खाऊ नको' म्हटले जाते, ते चोरून खाते. ज्याला कारण कळते, ते दुसऱ्याच्या वाढदिवसाच्या केकला हसून नाही म्हणते. पथ्य आईच्या धाकाने दहा वर्षे चालेल. पुढची पन्नास वर्षे ते मुलाच्या समजुतीनेच चालायचे आहे.

शिक्षकांना विनंती आहे ती तीन गोष्टींची. पहिली, अशा मुलाला शौचाला जायची परवानगी मागायला लावू नका. त्याला उठून जाऊ द्या, आणि शाळेच्या शौचकूपात पाणी व कडी आहे ना ते पाहा. चाळीस मुलांसमोर बोट वर करून उभे राहण्याच्या लाजेने मुलं, विशेषतः मुली, शाळाच सोडतात. दुसरी, शाळेत शिजणारी खिचडी तांदळाची असते, ती या मुलांना चालते; पण पूरक खाऊ म्हणून बिस्किटे वाटली जातील, तेव्हा याच्या हातावर केळे पडेल असे पाहा. तिसरी, जे मूल खुजे आहे, फिकट आहे, पेंगते आहे, त्याला आळशी म्हणण्याआधी त्याच्या घरी जाऊन 'हे खातं काय आणि याला शौचाला कसं होतं' एवढे विचारा. वजनकाटा आणि उंचीची पट्टी तुमच्या हाती आहे. आईच्या खालोखाल मुलाला रोज पाहणारे डोळे तुमचेच.

जासईच्या माणसांना आणखी एक गोष्ट सांगितली तर पटेल. हे गाव लोकनेते दि. बा. पाटलांचे. जानेवारी १९८४ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी आंदोलन केले, सोळा आणि सतरा तारखेच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व उभे राहिले. त्या काळात सातबारा म्हणजे काय, नोटीस म्हणजे काय, हे घरोघर कळू लागले. आपल्या जमिनीचा कागद आपल्याला वाचता आला पाहिजे, हे या गावाने मोठी किंमत देऊन शिकलेले आहे. मग आपल्या लेकराच्या दुखण्याचा कागद आपल्याला का वाचता येऊ नये? रक्ताच्या तपासणीचा कागद, औषधाची चिठ्ठी, पाकिटावरची यादी, हे सगळे त्या पोराचे सातबारेच आहेत. जे कळत नसेल ते गुरुजींना विचारा, आरोग्य केंद्रात विचारा, आणि कळेपर्यंत विचारा.

हेगच्या त्या आईचे नाव इतिहासाने जपलेले नाही. पुण्यातल्या ज्या आयांनी पातेल्यांची खरी हकिगत सांगितली, त्यांचीही नावे पुस्तकांत नाहीत. पण त्यांनी पाहिले, ते बोलून दाखवले, आणि ऐकणारे डॉक्टर त्यांना भेटले. म्हणून आज कितीतरी मुले वाढताहेत. तुमच्या घरातही कोणी असे म्हणत असेल, की हे खाल्लं की पोराला असं होतं. ते बोलणे वाऱ्यावर सोडू नका. वहीत लिहा, आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.